यादी सरकारची, वाट जनतेची

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक हे गाव आहे. या गावच्या माणसाला कचेरीच्या, बाजाराच्या वा दवाखान्याच्या कामासाठी महामार्गाने पुण्याला जायचे तर खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडावा लागतो. रस्ता मोठा, सर्वांना ठाऊक आणि नकाशावर नोंदलेला. म्हणूनच त्यावर नाका उभारणे सोपे. याच मुलखाच्या पश्चिमेला राजगड उभा आहे. त्या गडाला पाली दरवाजा आहे, गुंजवणे दरवाजा आहे, आणि पद्मावती माचीवर एक चोरदरवाजाही आहे. नावात ‘चोर’ असला तरी ते दार चोरांसाठी बांधलेले नव्हते. ज्या दाराची खबर शत्रूला आहे ते दार शत्रू केव्हाही रोखू शकतो, हे गड बांधणारे जाणून होते. वेढ्यात सापडलेल्या माणसांना एक तरी वाट उरावी, एवढाच त्या दाराचा हेतू होता.

इंटरनेटवर आज नेमका हाच प्रश्न उभा आहे. सत्ताधाऱ्यांना नको असलेला मजकूर नागरिकाच्या वाचनात येऊ नये म्हणून अनेक देशांची सरकारे जागोजाग नाके उभारीत आहेत, आणि ते नाके चुकवणाऱ्या वाटा कोणत्या आहेत त्यांची यादी हस्तगत करण्यासाठी धडपडत आहेत. अशा कोणत्याही यादीत न सापडणाऱ्या काही वाटा सामान्य माणसे स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या खर्चाने उघड्या ठेवतात. जाणकार त्यांना ‘ब्रिज’, म्हणजे पूल, म्हणतात. या पुलांविषयी पुरोगामी चळवळीतील कार्यकर्त्यांच्या मनात अज्ञान आहे, आणि जेथे अज्ञान नाही तेथे संशय आहे. हे अज्ञान आणि हा संशय दोन्ही महाग पडणारे आहेत. कारण प्रश्न यंत्राचा नाही. नागरिकाने काय वाचावे हे कोणी ठरवायचे, हा आहे.

नाका आणि त्याची गुप्त वही

“हे सारे चीन-इराणचे प्रश्न, आपल्याकडे कोठे अशी बंदी आहे?” असे म्हणणारे भाबडे लोक अजूनही भेटतात. त्यांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९-अ एकदा वाचावे. या कलमाखाली केंद्र सरकार कोणतेही संकेतस्थळ अडवण्याचा आदेश देऊ शकते. २००९ साली त्यासाठी जे नियम झाले, त्यांतील १६ वा नियम म्हणतो की तक्रारी आणि त्यांवरची कारवाई गोपनीय राहील. म्हणजे तक्रार कोणाची हे गुप्त, कारण काय हे गुप्त, आणि अडवलेल्या स्थळांची यादीही गुप्त! २०१५ साली श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६६-अ हे कलम रद्द केले, त्याचा यथोचित गौरव झाला. परंतु त्याच निकालात ६९-अ शाबूत राहिले. कारणे लेखी नोंदवली जातात, तेव्हा ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याला न्यायालयात दाद मागता येईल, असा न्यायालयाचा भरवसा होता. पण जो आदेश बाधित माणसाच्या हाती पडतच नाही, त्यावर त्याने दाद मागायची तरी कशी?

२०२० सालच्या जुलै महिन्याची आठवण करून देणे अवश्य आहे. टाळेबंदीच्या त्या दिवसांत केंद्र सरकारने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा पुढे रेटला होता. प्रकल्पाविषयी जनसुनावणीपूर्वी लोकांना मिळणारी ३० दिवसांची मुदत २० दिवसांवर आणावी, अशी त्यात एक तरतूद होती. मसुदा लोकांच्या भाषांत उपलब्ध करा, हे सांगण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. आणि नेमक्या याच काळात त्या मसुद्याविरुद्ध लोकांना जागे करणाऱ्या ‘फ्रायडेज फॉर फ्यूचर इंडिया’, ‘लेट इंडिया ब्रीद’ आणि ‘देअर इज नो अर्थ बी’ या तरुणांच्या संघटनांची संकेतस्थळे उघडेनाशी झाली. यांपैकी पहिल्या संघटनेच्या बाबतीत तर दिल्ली पोलिसांच्या नोटिशीत दहशतवादविरोधी कायद्याचे कलम घातले गेले होते. बोभाटा झाल्यावर ते नजरचुकीने पडल्याचा खुलासा करण्यात आला. झाडे वाचवा म्हणणारी मुले नजरचुकीने दहशतवादी ठरतात, ती नजर कोठे लागलेली असते हे सांगायला नको.

या मसुद्याचा आणि वरवे बुद्रुकचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. पुण्याभोवतीच्या रिंगरोडच्या आखणीत या गावाचे नाव आहे. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर मोजणीचा खुंटा ठोकला जायचा असतो, त्याच्या दृष्टीने सुनावणीचे दहा दिवस म्हणजे कागदपत्र मिळवण्याचे, ते समजून घेण्याचे आणि हरकत लिहिण्याचे दहा दिवस असतात. ते दहा दिवस कमी होत आहेत ही बातमी देणारी जागा बंद पाडणे म्हणजे त्याच्या जमिनीवरील हक्कालाच हात घालणे होय. सेन्सॉरशिप हा केवळ शहरी पत्रकारांच्या आणि लेखकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे, असे मानणाऱ्यांनी हा बांध लक्षात ठेवावा.

यानंतरच्या काळात हात अधिकच सैल सुटला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांवरील एका व्यंगचित्रावरून तमिळ ‘विकटन’चे संपूर्ण संकेतस्थळ अडवण्यात आले, मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते खुले करण्यास सांगितले, तेही व्यंगचित्र उतरवण्याच्या अटीवर. ९ मे २०२५ रोजी ‘द वायर’ हे वृत्तस्थळ अडवले गेले. काश्मिरात तर त्याही आधी हा न्याय पार उलटा करण्यात आला होता. ऑगस्ट २०१९ पासून बंद असलेले इंटरनेट जानेवारी २०२० मध्ये अंशतः सुरू झाले, तेव्हा काय पाहण्यास बंदी आहे याची यादी न देता काय पाहण्यास परवानगी आहे याची यादी प्रशासनाने काढली. त्या पहिल्या यादीत १५३ संकेतस्थळे होती. एवढ्या अफाट जगातून १५३ खिडक्या! आणि त्या खिडक्यांबाहेर डोकावणाऱ्यांवर, आडवाटेने समाजमाध्यमे उघडणाऱ्यांवर, फेब्रुवारीत गुन्हे नोंदवण्यात आले.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहावी. एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने फर्मान काढले की व्हीपीएन, म्हणजे खाजगी आडवाटेची सेवा, पुरवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता आणि वापराचे कारण नोंदवून ते पाच वर्षे जपून ठेवावे. अनेक परदेशी कंपन्यांनी त्याच वर्षी आपली यंत्रे भारतातून हलवली. सरकार काय अडवते त्याची यादी नागरिकाला मिळणार नाही. नागरिक कोणत्या वाटेने जातो त्याची यादी मात्र सरकारला पाच वर्षे हवी! लोकशाहीत राज्यकर्त्यांचे व्यवहार उघड असावेत आणि नागरिकाचे खाजगी जीवन झाकलेले असावे, हा साधा संकेत आहे. येथे तो पायावरून डोक्यावर उभा केला गेला आहे.

यादीबाहेरचा पूल

ही उलटापालट जेथे अडखळते ती जागा म्हणजे यादीबाहेरचा पूल. त्याचे काम कसे चालते हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही.

‘टॉर’ नावाचे एक जागतिक जाळे आहे. त्यात स्वयंसेवकांनी चालवलेली सात-आठ हजार यंत्रे आहेत. त्यांना ‘रिले’ म्हणतात. वाचकाची मागणी यांतील तीन यंत्रांवरून टप्प्याटप्प्याने जाते, आणि ती कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकावर एक अशा सांकेतिक वेष्टनांत गुंडाळलेली असते. पहिल्या यंत्राला वाचक कोण ते कळते, पण तो काय वाचतो ते कळत नाही. शेवटच्या यंत्राला काय वाचले जात आहे ते कळते, पण वाचणारा कोण ते कळत नाही. मधल्याला यांपैकी काहीच कळत नाही. एकाच्याही हाती संपूर्ण गुपित नसते. म्हणून एकालाही धमकावून वा विकत घेऊन ते काढून घेता येत नाही.

परंतु या व्यवस्थेत एक उणीव होती, आणि ती तिच्या प्रामाणिकपणातूनच आलेली होती. वाचकाच्या यंत्राला रस्ता निवडता यावा म्हणून या सर्व रिलेंची यादी सार्वजनिक असते आणि ती तासातासाला ताजी होते. जी यादी वाचकाला मिळते ती पहारेकऱ्यालाही मिळते. चीनच्या राज्यकर्त्यांनी ती घेतली आणि त्यातील सारे पत्ते रोखून टाकले. संपूर्ण जाळे एका दमात निकामी झाले. खेड शिवापूरच्या नाक्याची गोष्ट हीच: नोंदलेला रस्ता अडवण्यास फारशी अक्कल लागत नाही.

यावर उपाय म्हणून ब्रिज आले. ब्रिज हाही एक रिलेच. फरक इतकाच की तो सार्वजनिक यादीत नसतो. ज्याला गरज आहे त्याने संकेतस्थळावरून, ई-मेलने वा टेलिग्रामवरून मागणी करायची आणि त्याला दोन-तीनच पत्ते मिळायचे. सगळे पत्ते कोणालाच मिळत नाहीत. पहारेकऱ्याने गरजूचे सोंग घेऊन मागितले तरी त्याच्या हाती मूठभर पत्ते लागतात. उरलेले पूल उभेच राहतात.

पहारेकरीही गप्प बसले नाहीत. २०१२ च्या सुमारास अभ्यासकांनी दाखवून दिले की चीनची यंत्रणा एखाद्या पत्त्याचा संशय आला की स्वतः त्या दारावर टकटक करते, आणि टॉरच्या पद्धतीने उत्तर आले की ते दार बंद करते. तेव्हा पुलांची रचना बदलण्यात आली. ‘ओबीएफएस-४’ या रीतीचा पूल आधी ठरलेली खूण सांगितल्याशिवाय ओच देत नाही, आणि त्यावरून जाणारी वाहतूक अर्थहीन गोंधळासारखी दिसते. २०२४ साली आलेली ‘वेबटनेल’ ही रीत उलट मार्गाने जाते: तिच्यावरून जाणारा मजकूर एखाद्या साध्या सुरक्षित संकेतस्थळाला दिलेल्या भेटीसारखा दिसतो. तो अडवायचा तर बँका, दुकाने आणि सरकारी कचेऱ्या यांचीही वाहतूक अडवण्याची तयारी ठेवावी लागते.

सर्वांत बोलका प्रयोग ‘स्नोफ्लेक’चा आहे. मुक्त देशातील कोणीही माणूस आपल्या ब्राउझरमध्ये एक छोटी जोडणी बसवतो. त्याचा संगणक चालू असेपर्यंत तो कोणा अनोळखी वाचकाचा तात्पुरता पूल बनतो. संगणक बंद झाला की पूल विरून जातो आणि दुसरीकडे दुसरा उभा राहतो. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाने टॉरवर घाला घातला, तेव्हा त्या देशात ते रोज वापरणारे सुमारे तीन लाख लोक होते. जगभरच्या स्वयंसेवकांना नवे पूल उभारण्याची हाक दिली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीच्या पोलीस कोठडीतील मृत्यूनंतर इराण पेटून उठले आणि तेथील सत्तेने जाळे आवळले, तेव्हा याच क्षणभंगुर पुलांवरून इराणी वाचकांची प्रचंड रहदारी सुरू झाली. हे पूल कोणत्या सरकारने बांधले नव्हते, कोणत्या कंपनीने भाड्याने दिले नव्हते. ज्याच्याकडे थोडे अधिक होते त्याने ज्याच्याकडे काहीच नव्हते त्याला ते दिले. याला समाजवादी कार्यकर्त्याने परके मानावे, यासारखी विसंगती नाही.

कंपन्यांच्या आश्रयाचा अनुभवही नोंदण्यासारखा आहे. एकेकाळी गूगल आणि ॲमेझॉन यांच्या विशाल यंत्रणेच्या आडोशाने सेन्सॉरशिप चुकवण्याची एक रीत चालत असे. एप्रिल २०१८ मध्ये या दोन्ही कंपन्यांनी तो आडोसा काढून घेतला. भांडवलाच्या ओसरीवर पथारी टाकणाऱ्याने मालक केव्हाही उठवील हे धरूनच चालावे.

बेचाळीसचा धडा

यादीबाहेरचे केंद्र ही कल्पना या भूमीला नवी नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांची तोंडे बांधली गेली आणि सरकारी रेडिओ सरकारचेच बोलू लागला. तेव्हा मुंबईत उषा मेहता या २२ वर्षांच्या विद्यार्थिनीने मूठभर सहकाऱ्यांसह काँग्रेस रेडिओ सुरू केला. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन यांच्यासारखे भूमिगत समाजवादी नेते त्याच्या पाठीशी होते. ४२.३४ मीटरवर आवाज येई. तो कोठून येतो ते मात्र सांगितले जात नसे. केंद्राची जागा वरचेवर बदलली जाई. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप आणि विदर्भातील आष्टी-चिमूरचे अत्याचार यांच्या बातम्या, ज्या वृत्तपत्रांना छापता येत नव्हत्या, त्या या केंद्राने देशाला दिल्या.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी धाड पडली. यंत्र जुळवून देणारा तंत्रज्ञच पोलिसांच्या हाती लागला होता आणि त्याच्याकडून त्यांना माग मिळाला. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. ती त्यांनी येरवड्यात भोगली. १९९८ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. विनापरवाना, बेनोंद, ठावठिकाणा लपवून चालवलेल्या केंद्राबद्दल दिलेला तो सन्मान होता, हे दिल्लीतील अधिकाऱ्यांनी अधूनमधून आठवावे.

परंतु केवळ अभिमान बाळगून भागणार नाही. काँग्रेस रेडिओ सुमारे तीन महिन्यांत संपला, कारण केंद्र थोडके होते आणि ते कोठे आहे हे जाणणारा एक माणूस फुटणे पुरेसे होते. आजच्या पुलांची रचना नेमक्या याच दुबळ्या जागेवर बोट ठेवते. पूल हजारो, प्रत्येकाला माहीत असलेले दोन-तीन, आणि एक माणूस फुटला तर जाणारेही दोन-तीनच. बेचाळीसच्या तरुणांनी जीव धोक्यात घालून जे शिकवले, ते येथे यंत्राच्या रचनेत उतरले आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप नेहमीचा आहे: या वाटांनी गुन्हेगारही जातात. जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. टॉरच्या आडून अमली पदार्थांचा बाजार चालला, त्याहून किळसवाणे व्यवहारही चालतात. पण २०१३ साली त्या कुप्रसिद्ध बाजाराचा चालक अमेरिकेत पकडला गेला, तेव्हा त्याच्यापर्यंत नेणारा एक धागा म्हणजे त्याने पूर्वी निष्काळजीपणे मागे ठेवलेला स्वतःच्या नावाचा ई-मेल पत्ता होता. तपास करणाऱ्याला मार्ग असतात. त्यासाठी प्रत्येक वाचकाच्या पायात घुंगरू बांधावे लागत नाहीत. शिवाय श्रीमंत गुन्हेगार आडवाट विकत घेऊ शकतो. पूल तोडल्याने अडून राहतो तो गरीब वाचक, धमकावला गेलेला वार्ताहर, वरिष्ठांची लबाडी उघड करू पाहणारा कारकून. चोरदरवाजा बुजवल्याने चोर थांबत नाहीत. वेढ्यातली माणसे मात्र अडकून पडतात.

दुसरा आक्षेप चळवळीच्या आतून येतो आणि तो अधिक गंभीर आहे. टॉरचा उगम अमेरिकी नौदलाच्या संशोधन शाळेत झाला, त्याला वर्षानुवर्षे अमेरिकी सरकारी पैसा मिळाला. मग हे साम्राज्यवादाचे हत्यार नव्हे काय? हा इतिहास खरा आहे आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वॉशिंग्टनला तेहरान आणि बीजिंगमधील नागरिकांचे स्वातंत्र्य जेवढे प्रिय असते तेवढे आपल्या मित्रराष्ट्रांतील नागरिकांचे नसते, हेही खरे. परंतु हत्याराचा निवाडा ते कोणाच्या भट्टीत तयार झाले यावरून करायचा, की ते कोणाच्या हातात काय करते यावरून? टॉरची संपूर्ण आज्ञावली खुली आहे; जगातील कोणीही ती वाचू, तपासू शकतो. एडवर्ड स्नोडेनने २०१३ मध्ये उघड केलेल्या कागदपत्रांत अमेरिकी हेरखातेच टॉरला वैतागलेले दिसले. त्याच्या सर्व वापरकर्त्यांचा माग सर्वकाळ काढणे आपल्याला कधीच जमणार नाही, अशी कबुली त्यात होती. आणि मार्च २०२५ मध्ये याच अमेरिकी सरकारने अशा साधनांना पैसा पुरवणाऱ्या ‘ओपन टेक्नॉलॉजी फंड’चे अनुदान तोडले, तेव्हा त्या संस्थेला न्यायालयात धाव घ्यावी लागली. यातून निघणारा निष्कर्ष पूल सोडून द्यावा असा नाही. परक्याच्या पैशावरचा पूल परक्याच्या मर्जीवर उभा असतो. म्हणून तो लोकांच्या हातांनी, जागोजागी आणि अधिक संख्येने उभारला जावा, हा तो निष्कर्ष आहे.

पूल कोठे संपतो

या साधनाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण कार्यकर्त्याला खोटी आशा देणे हा गुन्हा आहे. पूल नाका चुकवतो. रस्ताच उखडला तर पूल काय करणार? संपूर्ण इंटरनेट बंद करण्याचा मार्ग या देशात सर्रास वापरला जातो. ‘ॲक्सेस नाऊ’ या संस्थेच्या गणनेप्रमाणे २०१८ ते २०२३ अशी सलग सहा वर्षे भारत या बाबतीत जगात पहिला होता. २०२४ मध्ये ८४ वेळा इंटरनेट बंद झाले. लष्करशाहीखालील म्यानमार ८५ वेळांवर होता म्हणून पहिला क्रमांक हुकला एवढेच. महाराष्ट्रही मागे नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापूर, सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा, फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर. वरवे बुद्रुकवरून जाणारा महामार्ग ज्या साताऱ्याला पोहोचतो, त्या साताऱ्यात हे घडले आहे. अशा वेळी कोणताही ब्रिज कामाला येत नाही. तेथे रस्त्यावरची आणि न्यायालयातील लढाई हाच मार्ग असतो.

म्हणूनच, पूल आहे तर कायद्याची लढाई कशाला, असे म्हणणारे आणि न्यायालय आहे तर पूल कशाला, असे म्हणणारे दोघेही चुकतात. आणीबाणीचा दाखला ताजा ठेवावा. मिनू मसानी हे काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. पुढे ते समाजवादाचे कडवे विरोधक झाले. त्यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातील ११ मजकूर सेन्सॉरने अडवले, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायमूर्ती मदन आणि न्यायमूर्ती कानिया यांनी निर्भयपणे त्यांच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल आजही मोलाचा आहे. पण जून १९७५ ते फेब्रुवारी १९७६ या आठ महिन्यांत देशात काय चालले आहे ते लोकांना सांगितले ते सायक्लोस्टाइल केलेल्या, पत्ता नसलेल्या, हातोहात फिरणाऱ्या पत्रकांनी. न्याय सावकाश येतो. बातमी मात्र वेळेवरच पोहोचावी लागते. वकील आणि पत्रक दोन्ही लागतात.

तेव्हा मागण्या दोन पातळ्यांवर झाल्या पाहिजेत. सरकारपुढे: १६ वा गोपनीयतेचा नियम रद्द करा, संकेतस्थळ अडवण्याचा प्रत्येक आदेश कारणांसह प्रसिद्ध करा, बाधित माणसाला आदेशाची प्रत द्या, इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध झालेच पाहिजेत, ही सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी घालून दिलेली शिस्त जिल्हाधिकारी कचेऱ्यांत पाळली जाते की नाही ते तपासू द्या, वाचकांच्या नोंदी पाच वर्षे साठवण्याचे फर्मान मागे घ्या.

आणि कार्यकर्त्यांपुढे: अभ्यासवर्गांत घटनेच्या १९ व्या कलमाबरोबर हे साधनही शिकवले जावे. ज्याचा संगणक दिवसभर चालू असतो त्याने स्नोफ्लेकची जोडणी बसवण्याचा विचार करावा. अशा पुलावरून जाणारा वाचक अंतिम संकेतस्थळापर्यंत पुढच्या वेगळ्या यंत्रातून पोहोचतो, पूलवाल्याच्या पत्त्यावरून नव्हे. त्यामुळे पूल चालवणे आणि शेवटचा टप्पा चालवणे यांतील जोखीम सारखी नाही, हेही समजून घ्यावे. संकट आल्यावर पूल शोधू, असे म्हणून चालत नाही. संकट आले की पुलाचा पत्ता सांगणारी जागाच आधी बंद होते. सध्याच्या सवलतीच्या दिवसांतच शिकून ठेवले पाहिजे.

वरवे बुद्रुकच्या शेतकऱ्याला टॉर हा शब्द माहीत असण्याची गरज नाही. त्याच्या जमिनीसंबंधीचा कागद, त्या कागदावरील टीका आणि त्या टीकेला उत्तर, या तिन्ही गोष्टी त्याला वाचता आल्या पाहिजेत, एवढाच त्याचा हक्क आहे. तो हक्क उघड्या रस्त्याने मिळत असेल तर उत्तमच. त्या रस्त्यावर नाका बसवून नाक्याची वही लपवणाऱ्यांना, आडवाटेने का जाता, असा जाब विचारण्याचा अधिकार उरत नाही. त्यांनी आधी आपली वही लोकांपुढे उघडावी.